केदारला पाणी

आमच्या घरात मेथीचं नावसुद्धा काढायचं नाही, असा नियम होता. भाजी नाही, दाणे नाहीत, लोणच्याच्या मसाल्यातही नाही. शेजारी फोडणीत मेथी पडली की मी खिडक्या लावून घ्यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय ही नखरेल बाई. म्हणू देत. माझ्या लेकीच्या अंगाला वास आला तर तो तिचाच आहे, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

माझी लेक शर्वरी, आमची शरू, तेव्हा आठ वर्षांची होती. तिला जन्मापासून एक दुर्मिळ आजार आहे. डाळ, दूध, कडधान्य पोटात गेलं की त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. त्यांतल्या तीन तुकड्यांना पुढे मोडणारी कात्री शरूच्या शरीरात नाही. त्या तिघांतला ल्युसिन हा सगळ्यांत वाईट. तो रक्तात साठला की मेंदूला सूज येते, पोर सुस्तावतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर हाताला लागत नाही. जास्त खाल्लं तर साठतो, तसाच ताप आला किंवा उपास पडला तरी साठतो, कारण मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला घेतं. साठायला लागला की घामाला, लघवीला आणि कानातल्या मळाला एक गोडसर वास येतो. सोटोलोन नावाच्या रेणूचा. मेथीच्या दाण्यातही हाच रेणू असतो, म्हणून वास हुबेहूब मेथीचा.

त्यामुळे मी दिवसभर काय करायची, तर शरूच्या कानाशी नाक न्यायची. लग्नाच्या मांडवात, एसटीत, वाढदिवसाच्या केकसमोरसुद्धा. बोट टोचून ल्युसिन दाखवणारं यंत्र आलं होतं, पण टोचून टोचून किती टोचणार?

"आई, सगळ्यांसमोर हुंगू नको गं," शरू म्हणायची. "पोरं हसतात."

"हसू देत. त्यांचे दात चांगले आहेत."

बोलायला मी खमकी, पण शाळेपुढे माझं काही चाललं नाही. दिवसभर आई वर्गात बसणार असेल तरच मुलीला पाठवा, असं त्यांनी सांगितलं. माझा नवरा विश्वजित पवनचक्क्यांच्या देखभालीवर, महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर. मी दूध संघात तपासणीला होते. जगाचं दूध तपासायचं आणि घरी लेकीला त्याचा थेंब मोजून द्यायचा, अशी माझी नोकरी. तीसुद्धा बिनपगारी रजेवर लटकली होती.

शरूच्या आधी मला मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, नेसरीला. आईनं डिंक, खोबरं आणि भरपूर मेथी घालून लाडू केले आणि मला रोज समोर बसून खायला घातले. बाळाला टोपडं बांधताना ती त्याच्या कानाशी वास घ्यायची आणि खूश व्हायची. "राणी, मेथी उतरली बघ दुधात. कसं घमघमतंय लेकरू." माझं नाव वर्षाराणी, आईला मी नुसती राणी. सगळं घर त्या वासावर खूश होतं. मग बाळ दूध ओढेना, डोळे उघडेना, आणि बारशाच्या आधीच गेलं. डॉक्टर म्हणाले जंतुसंसर्ग. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लाडवातली मेथी उष्ण पडली. आईनं गल्लीचं ऐकलं.

शरूच्या वेळी मी कोल्हापूरला बाळंत झाले आणि लाडवाला शिवलेसुद्धा नाही. तरी तिसऱ्या दिवशी तिच्या कानाला तोच वास. मी दवाखाना डोक्यावर घेतला. मी मेथी खाल्ली नाही, तर हिला वास कुठून येतोय, एवढंच ओरडत होते. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा आरडाओरडा मनावर घेतला, रक्त तपासायला पाठवलं, म्हणून शरू आज आहे. त्या बाईंचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

त्यानंतर मी आईला किती वेळा सांगितलं, बाळालाही हाच आजार असणार, लाडवांनी काही केलेलं नाही. ती मान डोलवायची, पण तिला ते पटलेलं नसायचं. शरूला तिनं कधी मांडीवर घेतलं नाही. आमच्या घरी यायची, उंबऱ्याशी बसायची, लांबूनच विचारायची, "बरी हाय न्हवं पोर?" आणि पुढच्या गाडीनं परत जायची.

चंदगडच्या जंगलाला लागून, बंद पडलेल्या काजूच्या बागेत 'ओलावा' नावाचं केंद्र आहे. दुर्मिळ आजारांच्या मुलांची कुटुंबं तिथं काही आठवडे येऊन राहतात. मातीची घरं, मधून ओढा, घरापुरते भाजीचे वाफे. आमच्या शेजारच्या घरात परभणीचे टाकळकर होते. त्यांच्या मुलाची हाडं ठिसूळ, धडपडला की मोडायची. केंद्रातल्या वाटांवर पानांचा आणि शेवाळाचा इतका जाड थर होता की तो पोरगा आयुष्यात पहिल्यांदा पळत होता, आणि त्याचे वडील काजूच्या झाडाला टेकून रडत होते. मी म्हटलं, दादा, रडा निवांत, इथं कुणी विचारत नाही. खरंच कुणी विचारायचं नाही. आजाराचं नाव उच्चारल्यावर समोरचा माणूस 'म्हणजे काय' असं म्हणत नाही, हे सुख आमच्यासारख्यांनाच कळेल.

तिथं चाहूल होती. चाहूल म्हणजे डॉ. हिरेमठांनी तयार केलेलं एक छोटं कुंडीतलं रोप. मॅडम वनस्पतीशास्त्राच्या. बोलायला इतक्या सावकाश की एका वाक्यात माझा चहा उकळून व्हायचा.

"हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, बरोबर?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. "हळद तीच असते. फक्त साबणानं तिचा रंग पालटतो. या पानांत आम्ही तसाच एक रंग भरून ठेवलाय. आणि पानांच्या पेशींवर एक कुलूप बसवलंय, ज्याची किल्ली म्हणजे सोटोलोन. हवेत तो आला की कुलूप उघडतं, पेशीतलं आम्लाचं प्रमाण पालटतं आणि पान लाल होतं. तुमच्या नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी."

"मग यंत्रच का नाही बनवलं?" मी विचारलं.

"बनवलं होतं. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरून बिघडायचं. याला पाणी घातलं की झालं."

हे रोप घरी मिळणार होतं. एक घरासाठी, एक शरूच्या वर्गासाठी. वर्गात चाहूल असेल तर शाळा तिला एकटीला घ्यायला तयार होती. मला नोकरीवर जाता येणार होतं. शरूला कुणी चारचौघांत हुंगणार नव्हतं. अट एकच: पान लाल झालं तर काय करायचं हे शिकलेली दोन माणसं घरात हवीत, आणि दोघांनीही केंद्रात राहून ते शिकायला हवं. विश्वजितला एवढी रजा नव्हती. सासूबाई नाहीत. राहिली माझी आई.

मी तिला अक्षरशः ओढून आणलं.

ती आली खरी, पण तिथंही शरूपासून चार हात लांब. शरूची प्रथिनांची खास पावडर कालवायला शिकली, मोजमाप शिकली, सगळं बरोबर करायची. भरवायची वेळ आली की वाटी माझ्या हातात. सकाळी आम्ही मायलेकी ओढ्यावर जायचो. आईला बोलावलं तर म्हणायची, "गुडघं दुखत्यात. तुम्ही जावा."

एका सकाळी ओढ्यावरून परत आलो आणि खिडकीतली चाहूल लाल.

मी शरूचं बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला. आकडा चांगला होता. तासाभरानं पुन्हा टोचलं, तरी चांगला. दुपारपर्यंत पानंही हिरवी झाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

हिरेमठ मॅडम आल्या, रोपाकडे बघत बसल्या. "मुलीचं रक्त उत्तम आहे. म्हणजे घरात दुसरीकडून सोटोलोन येतोय. असं होत राहिलं तर रोप दमतं, वर्षाराणी. कुलूप सैल होतं. मग खरी वेळ आली तरी ते लाल होत नाही. हे कुठून येतंय ते सापडलं नाही, तर मला तुमच्या घरी रोप देता येणार नाही."

केंद्रात मेथी नव्हतीच, फाटकाशी पिशव्या बघून आत सोडायचे. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुडघेदुखी. म्हाताऱ्या बायका त्यासाठी सकाळी मेथीचे दाणे पाण्याबरोबर गिळतात.

मी आत गेले. "आई, कुठं लपवलेस दाणे?"

"कसलं दाणं?"

"मेथीचे. गुडघ्यासाठी गिळतेस ना, आम्ही ओढ्यावर गेलो की? अगं, पोरीची शाळा चाललीय तुझ्या गुडघ्यापायी."

"अकरा वर्सं झाली, मी मेथी हातात धरली न्हाई," आई म्हणाली.

पण मला राग आला की माझे कान बंद होतात. मी तिची पिशवी ओढली आणि कॉटवर उपडी केली. दोन लुगडी, औषधं, आणि एक जुना स्टीलचा डबा, झाकणाला कापड घालून घट्ट बसवलेला.

"त्यो उघडू नगो राणी," आई म्हणाली.

मी उघडला. आत बाळाचं टोपडं होतं. पांढरं, मऊ, कानांवर येतं तिथं पिवळट डाग पडलेलं. आणि वास. मेथीचा, गोड, करपल्या साखरेसारखा. अकरा वर्षांनी माझं बाळ समोर आलं. मी डबा घेऊन जमिनीवर बसले.

बाळ गेलं त्या दिवशी आईनं डब्यातले लाडू उकिरड्यावर टाकले होते आणि त्याच्या डोक्याचं टोपडं त्याच डब्यात ठेवलं होतं. हाताला लागला तो डबा. तेव्हापासून रोज सकाळी, कुणी नसताना, ती झाकण उघडून वास घ्यायची. इथंही आम्ही ओढ्याकडे वळलो की उघडायची.

"मीच घातला त्याला ह्यो वास," ती म्हणाली. "बळंबळं खायला घालत हुते तुला. ते रोप मला वळखतंय बघ. माझ्याच अंगात हाय ते. मी जाते आजच्या गाडीनं. माझ्यामुळं पोरीचं नुकसान नगो."

मला तिला मिठी मारायची होती आणि दोन शब्द सुनवायचेही होते. दोन्ही जमलं नाही. तेवढ्यात शरू आत आली, डब्याशी वाकली आणि नाक घालून हुंगायला लागली. माझाच गुण.

"आजी, हा तर माझा वास," ती म्हणाली.

"न्हाई बाळा. मेथीचा हाय त्यो."

"नाही. मला ताप आला होता ना, तेव्हा माझ्या उशीला असाच येत होता. माझा आहे हा." तिनं टोपडं उचलून बघितलं. "पण हे माझ्या डोक्याला बसणार नाही. दादाचं आहे का?"

दादा. त्या बाळाला तोपर्यंत कुणी काही म्हटलंच नव्हतं. नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल, त्याला हाक तरी काय मारायची? शरूनं मारली. आईनं तोंडाला पदर लावला, आणि मी इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू तिथंच, जमिनीवर बसून रडून घेतलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, डबा फाटकाबाहेर ठेवा म्हणतील आणि विषय संपेल. त्या मात्र खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

"काकू, मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. रोप तुमच्या नातीला मिळेलच, तो प्रश्न आता सुटला."

मग त्यांनी समजावलं. चाहूल खरी हवी होती ती बाळंतिणीच्या खोलीत. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आजार कळला तर मूल वाचतं. प्रत्येक बाळाचं रक्त तपासायची सोय अजून खेडोपाडी पोचलेली नाही, पण रोप पोचू शकतं. अडचण एकच. आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हटलं की मेथीचे लाडू आलेच. तिथं प्रत्येक रोप लालच राहणार. मेथीतला सोटोलोन आणि आजारी बाळाचा सोटोलोन एकच आहे. फरक त्याच्या सोबतीला असणाऱ्या इतर रेणूंत असतो. आजारी बाळात सोबतीला कोण असतं हे कळलं, तर रोपाला दुसरं कुलूप बसवता येईल: दोन्ही किल्ल्या मिळाल्या तरच लाल व्हायचं.

"पण उपचार न झालेल्या तान्ह्या बाळाचा नमुना कुठं मिळणार?" मॅडम म्हणाल्या. "आजार कळला की आम्ही लगेच उपचार करतो, वास बदलतो. कळला नाही तर मूल जातं आणि कपडे धुतले जातात. या टोपड्यावर कानातला मळ आहे, कधीच न धुतलेला. आणि डब्यातली मेथीही आहे. दोन्ही एकाच कापडावर. हे मला जगभर शोधून मिळालं नसतं."

"बघा मग तपासून," आई म्हणाली.

मॅडमनी खाली बघितलं. "तपासायला ते द्रावणात भिजवावं लागेल. सगळं उतरवून घ्यावं लागेल. कापड परत मिळेल. वास मिळणार नाही."

दोन दिवस आई डबा घेऊन ओढ्याकाठी बसून राहिली, जेवायला हाक मारली की यायची. मी तिला एका शब्दानं विचारलं नाही, आणि माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं हे मलाच ठाऊक. तिच्याजवळ नातवाचं एवढंच उरलं होतं. माझ्याजवळ तर तेही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आणि शरूला जवळ बसवलं आणि डबा उघडला. "घ्या," म्हणाली. आधी मला दिलं टोपडं, मग शरूला, शेवटी तिनं स्वतः कितीतरी वेळ नाकाशी धरलं. मग ती उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढून प्रयोगशाळेपर्यंत स्वतः गेली.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मॅडम आमच्या घरी आल्या. टोपड्यावर त्यांना एक रेणू सापडला होता. ॲलोआयसोल्युसिन असं त्याचं अवघड नाव. मेथीत तो नसतो, लाडवात नसतो, निरोगी माणसात नावापुरता असतो. एवढा सापडला म्हणजे हाच आजार, दुसरं काही नाही. मॅडमनी ते नाव आईला आमटीची कृती सांगावी तितक्या सावकाश सांगितलं, आणि त्या दिवशी मला त्यांच्या सावकाश बोलण्याबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले.

"म्हंजे त्यो वास त्याचाच हुता?" आईनं विचारलं.

"त्याचाच. तुमच्या लाडवांनी काही केलं नाही."

"मला कळला न्हाई. मी मेथीचा म्हटलं."

"कुणीही तेच म्हटलं असतं, काकू. मी तिथं असते तर मीही म्हटलं असतं. पुढच्या बाळाच्या वेळी कुणी चुकू नये, ते तुम्ही आता करून ठेवलंय."

आई उठली. शरू खिडकीशी चाहूलला पाणी घालत होती. आईनं तिला मागून उचललं, आठ वर्षांची घोडी, पाय लोंबत होते, आणि तिच्या कानाशी नाक नेलं.

"आजी, तू पण?" शरू वैतागून म्हणाली. "आता झाड आहे ना!"

"असूदे की," आई म्हणाली. "मी तपासत न्हाई. नुसता वास घेते."

शरू आता दहा वर्षांची आहे. तिच्या वर्गात खिडकीत चाहूल असते आणि पाणी घालायच्या पाळीवरून पोरांची भांडणं होतात. मी दूध संघात परत रुजू झाले, आणि आई आता आमच्याकडेच राहते. एकदा ताप आला तेव्हा शाळेतलं पान लाल झालं. मी पोचेपर्यंत आईनं पावडर कालवून पाजली होती आणि दवाखान्याची गाडी दारात उभी होती.

परवा माझ्या मामेभावाची बायको आजऱ्याला बाळंत झाली. आईनं लाडू केले. डिंक, खोबरं, आणि अकरा अधिक दोन वर्षांनी मेथी. आमच्या घरी नव्हे, नेसरीला जाऊन केले, आणि भरले त्याच जुन्या डब्यात. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा खोलीत दारालगत टेबलावर नवं रोप होतं, दोन कुलपांचं. या जातीला नाव काय द्यायचं, असं मॅडमनी आईला विचारलं होतं. आम्ही जोतिबाची माणसं. आईनं बाळासाठी मनात देवाचंच एक नाव योजून ठेवलं होतं, ते बारशापर्यंत पोचलं नव्हतं. ते तिनं दिलं. आता आमच्या भागातल्या बऱ्याच दवाखान्यांत ही रोपं आहेत. गेल्या वर्षी एका ठिकाणचं लाल झालं. ती मुलगी आता रांगते, तिच्या आईनं मला तिचा व्हिडिओ पाठवलाय.

आई डबा हातात धरून दारातच थबकली. रोपाजवळून आत जायचं धाडस तिला होईना. आत एक तरुण नर्स होती, तिला आमचं काही माहीत नव्हतं.

"या की मावशी. लाडू आहेत ना? ठेवा तिथंच, केदारच्या शेजारी. त्याला कळतंय सगळं, तो लाडवाला काही म्हणत नाही."

आईनं डबा रोपाशेजारी ठेवला आणि झाकण काढलं. मेथीचा वास खोलीभर पसरला. आम्ही दोघी पानांकडे बघत उभ्या राहिलो. हिरवी होती, हिरवीच राहिली. पाळण्यातलं बाळ हातपाय झाडून दुधासाठी रडत होतं.

नर्सनं आत कुणाला तरी हाक मारली, "अगं, सकाळपासून केदारला पाणी घातलं नाही कुणी."

"थांब पोरी," आई म्हणाली. "मी घालते."